‘मुलगे नाजूक, पोरी काटक’ हे कितपत खरं?

प्रश्न : डॉक्टर, मला दोन मुलं. मुलगा १० वर्षांचा, मुलगी ६ वर्षांची. २०२१ च्या मे महिन्यात घरात सगळ्यांना कोरोना झाला. मुलांना नुसती सर्दी झाली, दोन दिवसांत खेळायला लागली. महिन्याभरानं मुलाला सणसणून ताप आला, पोट दुखायला लागलं, डोळे लाल झाले. आधी अपेंडिक्स म्हणाले, मग एमआयएस-सी, म्हणजे कोरोनानंतर मुलांच्या अंगभर सूज आणणारा आजार, निघाला. आयसीयू, सलाईनमधून महागडं इंजेक्शन, स्टिरॉइड, सगळं झालं. बरा झाला, नंतरचे हृदयाचे इको नॉर्मल आले. पण माझी भीती काही गेली नाही. त्याला शिंक आली तरी मी शाळेत पाठवत नाही. परवा माझ्या आत्तेभावानं व्हॉट्सॲपवर पाठवलं की मुलग्यांची प्रतिकारशक्ती मुलींपेक्षा कमकुवत असते हे संशोधनानं सिद्ध झालंय. सासूबाईंचंही तेच, ‘मुलगे नाजूक, पोरी काटक.’ गेल्या महिन्यात दोघांना एकदम ताप आला. मुलाला पहिल्याच दिवशी दवाखान्यात नेलं, रक्त तपासलं, तिसऱ्या दिवशी उतरला. मुलीला घरीच पॅरासिटामॉल देत होतो, तिचा पाचव्या दिवशी उतरला. मुलाला हा आजार पुन्हा होईल का? मेडिकलवाल्यानं सांगितलेलं प्रतिकारशक्तीचं सिरप सुरू करू का? त्याला फुटबॉल खेळायचाय, पाठवू का? आणि मुलीला तसा काही धोका नाही ना?
– एक आई, मिरज

उत्तर :

ताई, आत्तेभावाच्या मेसेजमधली एक गोष्ट खरी आहे. एमआयएस-सी मुलींपेक्षा मुलग्यांना जास्त झाला. पण त्याचा त्यांनी लावलेला अर्थ पार उलटा आहे. त्या जूनमध्ये तुमच्या मुलाची प्रतिकारशक्ती कमी पडली नव्हती, ती आवरत नव्हती.

तुम्हीच लिहिलंय की कोरोना त्याच्या बाबतीत सर्दीवर निभावला. म्हणजे विषाणूला हुसकून लावायचं काम त्याच्या शरीरानं चोख केलं. एमआयएस-सी येतो तो त्यानंतर २ ते ६ आठवड्यांनी, विषाणू बहुतेक वेळा नाकाघशातून गेलेला असताना. म्हणून अशा कितीतरी मुलांची आरटी-पीसीआर निगेटिव्ह यायची आणि अँटिबॉडी मात्र भरपूर सापडायच्या. गॅस बंद केल्यावरही दूध वर चढत राहतं आणि उतू जातं, तसंच काहीसं हे. विषाणू नाही, तरी पांढऱ्या पेशी हल्ल्याच्या पवित्र्यात राहतात. त्यांनी सोडलेल्या रसायनांनी रक्तवाहिन्या, हृदय, आतडी, डोळे, कातडी, जिथे जिथे म्हणून रक्त पोचतं तिथे सूज येते.

अपेंडिक्सचा संशय आला म्हणून डॉक्टरांवर राग धरू नका. ते पोर पोट धरून वाकलेलं असतं, उजव्या कुशीत हात लावू देत नाही. सोनोग्राफीत पोटातल्या गाठी सुजलेल्या आणि थोडं पाणी दिसतं. काही ठिकाणी अशी मुलं ऑपरेशनच्या टेबलापर्यंत गेली आहेत. मग कुणाच्या तरी लक्षात येतं की डोळे लालबुंद आहेत पण चिपडं नाहीत, ओठ फुटलेत, तळहात सुजलेत, नाडी तापाच्या मानानं फारच जोरात चाललीय आणि बीपी उतरतंय. तुम्ही ज्याला महागडं इंजेक्शन म्हणता ते आयव्हीआयजी, म्हणजे हजारो रक्तदात्यांच्या प्लाझ्मातून वेगळ्या काढलेल्या अँटिबॉडी. वजनाच्या दर किलोला २ ग्रॅम. मूल १८ किलोचं धरलं तर ३६ ग्रॅम झाले. ५ ग्रॅमची बाटली धरली तर सात-आठ बाटल्या, तासन् तास थेंबाथेंबानं, आणि नर्स सारखी ताप-बीपी बघतेय. एवढं सगळं कशासाठी, तर प्रतिकारशक्तीला शांत करायला. सोबत दिलेल्या स्टिरॉइडचं कामही तेच. सिरपचं उत्तर खरं तर इथेच आलं, पण त्याकडे पुढे वळते.

हा आजार पहिल्यांदा ठळकपणे नजरेत आला तो एप्रिल २०२० मध्ये, लंडनमध्ये. आठ मुलं, सगळी बीपी कोसळून शॉकमध्ये. त्याच सुमारास इटलीत बेर्गामोच्या डॉक्टरांनी कळवलं की कावासाकीसारखा आजार घेऊन येणारी मुलं नेहमीच्या तीसपट झाली आहेत. कावासाकी, म्हणजे लहान मुलांच्या रक्तवाहिन्यांना सूज आणणारा आजार, हा याचा जुना भाऊबंद. टोकियोच्या रेड क्रॉस रुग्णालयात तोमिसाकू कावासाकी या बालरोगतज्ज्ञांनी १९६१ मध्ये चार वर्षांच्या एका मुलात तो पहिल्यांदा पाहिला आणि १९६७ मध्ये ५० मुलांची नोंद छापली. लंडन, न्यूयॉर्क, मुंबईतले डॉक्टर त्यांचं नाव रोज घेत होते त्याच जून २०२० मध्ये, ९५ व्या वर्षी, ते गेले. बहुतेक बातम्यांच्या गर्दीत हे हरवलंच.

मुलगे-मुलींचा फरक कावासाकीत आधीपासून माहीत होता. साधारण दीड मुलग्यामागे एक मुलगी. हृदयाच्या रक्तवाहिन्या फुगण्याचा धोकाही मुलग्यांना थोडा अधिक. जपानमध्ये आयव्हीआयजी कुणाला द्यायचं हे ठरवायला ‘हारादा गुणांकन’ वापरायचे, त्यात ‘मुलगा असणं’ याला एक गुण होता. पुढे आयव्हीआयजी कुणाला लागू पडणार नाही हे ओळखायला ‘कोबायाशी गुणांकन’ आलं. त्यात सोडियम, सीआरपी (रक्तातला सुजेचा आकडा), प्लेटलेट, यकृताचा आकडा, वय, आजाराचा दिवस हे सगळं आहे, मुलगा की मुलगी हे नाही. दोन्हींचे हेतू वेगळे, तुलना फार ताणू नये. पण रक्ताचे रिपोर्ट हातात असताना ‘मुलगा आहे’ या माहितीनं डॉक्टरांच्या निर्णयात फारशी भर पडत नाही, हा माझाही अनुभव आहे.

आता फरक किती, ते बघू, कारण व्हॉट्सॲपवर नेमकं तेच गाळलेलं असतं. अमेरिकेत एमआयएस-सीच्या ९,००० हून अधिक नोंदी झाल्या. त्यांतले साधारण ६० टक्के मुलगे, मधलं वय ९ वर्षं. ‘६० टक्के’ ऐकलं की छातीत धस्स होतं. पण महामारीच्या पहिल्या काही महिन्यांत, आजार ऐन जोरात असताना, तिथल्या काही राज्यांच्या माहितीवरून हिशेब निघाला तो असा : कोरोनाची लागण झालेल्या १० लाख मुलं-तरुणांमागे ३१६ जणांना एमआयएस-सी. याची मुलगे-मुलींत ६०–४० अशी वाटणी केली तर १० हजार मुलग्यांमागे चारच्या आत-बाहेर आणि १० हजार मुलींमागे अडीच. हा ढोबळ हिशेब माझा. ‘दीडपट’ आणि ‘दहा हजारांत दीड जास्त’ ही दोन्ही वाक्यं खरीच, पण आईची झोप उडते ती पहिल्यानं. शिवाय ओमिक्रॉन आल्यावर हे प्रमाण आणखी कितीतरी खाली आलं. आता बालरोग विभागात एमआयएस-सी क्वचित दिसतो.

आणि सगळीकडे ६०–४० दिसलं असंही नाही. मुंबईतल्या चार मोठ्या रुग्णालयांतल्या पहिल्या २३ मुलांची नोंद २०२० मध्येच प्रसिद्ध झाली, त्यात मुलगे ११ होते. म्हणजे मुलीच एकीनं जास्त. २३ वरून नियम काढता येत नाही, हे उघड आहे. पण पुढ्यात पडलेल्या एका मुलाबद्दल टक्केवारी किती कमी सांगते ते यातून कळतं.

मग मुलग्यांना जास्त का? एक उत्तर नाही, धागे आहेत. पहिला एक्स गुणसूत्राचा. मुलींना दोन एक्स, मुलग्यांना एक. प्रतिकारशक्तीची बरीच महत्त्वाची जनुकं या एक्सवर बसलेली आहेत. मुलींच्या प्रत्येक पेशीत दोनपैकी एक एक्स बंद ठेवलेला असतो, पण काही जनुकं त्या बंदीतून निसटतात. टीएलआर-७ हे त्यांतलं एक. कोरोना, फ्लू यांसारख्या विषाणूंचा आरएनए ओळखून इंटरफेरॉन या विषाणूरोधक रसायनाची पहिली हाळी देणारं. मुली-स्त्रियांच्या काही पेशी ही हाळी अधिक जोरात देतात असं दिसलंय. विषाणू लवकर आटोपला तर नंतरचा गोंधळ कमी, असा एक तर्क. उलट बाजूनं, मुलग्याच्या एकुलत्या एक्सवर बिघाड असला तर सांभाळून घ्यायला दुसरी प्रत नसते. २०२० मध्ये नेदरलँड्समध्ये दोन कुटुंबांतले चार धडधाकट तरुण कोरोनानं अतिदक्षता विभागात गेले, तेव्हा त्यांच्या टीएलआर-७ मध्येच दोष सापडला. तो तीव्र कोरोना होता, एमआयएस-सी नव्हे. पण एमआयएस-सीच्याही मोजक्या मुलग्यांत एक्सवरच्या एक्सआयएपी, सीवायबीबी अशा जनुकांत दोष मिळाले आहेत. मोजक्याच, हे विसरू नका. बहुसंख्य मुलग्यांत असं काहीच सापडत नाही.

म्हणून जनुकांची तपासणी सरसकट करायची नसते. तुमच्या मुलाला एरवी वारंवार न्यूमोनिया, गळवं, महिनोन् महिने न जाणारा ताप असं काही नसेल तर गरज नाही. एक मात्र आठवून बघा : तुमचे मामा, भाऊ किंवा बहिणींची मुलं, यांत कुणी मुलगा लहानपणी पुनःपुन्हा संसर्ग होऊन दगावलाय का? एक्सवरचा दोष आईच्या बाजूनं येतो, म्हणून माहेरची चौकशी. असं कुणी असेल तर डॉक्टरांच्या कानावर घाला. (आणि हे वाचून कुणी ‘बघा, आईकडूनच आलं’ म्हणायला लागलं तर हे पान मिटून ठेवा. कुठल्या बाळाला कुठला एक्स द्यायचा हे आईला कुणी विचारत नाही.)

दुसरा धागा हार्मोन्सचा, आणि हा वाटतो तितका सरळ नाही. टेस्टोस्टेरॉन दाह काही अंशी दाबतं, इस्ट्रोजेन अँटिबॉडींना बळ देतं, असं ढोबळ चित्र आहे. पण ३ ते ८ वर्षांच्या मुलामुलींत ही दोन्ही हार्मोन्स नगण्य असतात, आणि कावासाकी नेमका याच्या आतल्या-आसपासच्या वयात येतो. जन्मानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत मुलग्यांच्या रक्तात टेस्टोस्टेरॉन थेट वयात आल्यासारखं चढतं आणि सहा महिन्यांच्या आत उतरतं. त्याचा ठसा पेशींवर पुढे राहतो का, हे संशोधक तपासताहेत. आत्तेभावाच्या सरळ रेषेला छेद देणारी आणखी एक गोष्ट म्हणजे ब्रुसेल्सच्या बालरुग्णालयातले अभ्यास. न्यूमोनिया आणि मूत्रपिंडाच्या संसर्गात तिथे मुलींचेच सीआरपी आणि ईएसआर हे सुजेचे आकडे जास्त चढलेले आढळले. म्हणजे मुलगे सदा जास्त भडकतात असंही नाही. कुठला आजार, कुठलं वय, त्यावर पारडं फिरतं.

वय वाढलं की तर उलटतंच. ल्युपससारखे स्वतःच्याच शरीरावर उलटणारे आजार पाळी सुरू झाल्यानंतर मुलींत कितीतरी पटींनी जास्त. लहान वयातला संधिवातही एकूणात मुलींना जास्त. कोरोनानंतर महिनोन् महिने रेंगाळणारा थकवा, डोकेदुखी, श्वास लागणं हे ब्रिटनमधल्या ११ ते १७ वर्षांच्या मुलांच्या मोठ्या पाहणीत मुलींनीच अधिक सांगितलं. इतकं कशाला, सर्दी-तापानंतर आठवडाभरात ३ ते १० वर्षांचं मूल अचानक लंगडायला लागतं, खुब्यात पाणी साठतं आणि विश्रांतीनं आपोआप बरं होतं, हा तर आमच्या ओपीडीतला नेहमीचाच पाहुणा. तो मुलग्यांत दुप्पट दिसतो. त्यावरून कुणी मुलग्यांची हाडं कच्ची म्हणत नाही.

एमआयएस-सीची जी कारणं अलीकडे उलगडली, तीही मुलग्यांची मक्तेदारी नाहीत. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवलं की विषाणूच्या एका तुकड्याचं एसएनएक्स-८ नावाच्या आपल्याच प्रथिनाशी साम्य असतं, आणि सुमारे एक तृतीयांश मुलांत विषाणूविरुद्धची फौज त्याच्यावरही धावून जाते. २०२५ मध्ये बर्लिनच्या शारिटे रुग्णालयाच्या गटानं दुसरी वाट दाखवली : शरीरात झोपलेला एपस्टाईन-बार विषाणू या मुलांत पुन्हा जागा होतो, कारण त्याच्यावर पहारा ठेवणाऱ्या पेशी एका रसायनाच्या अतिरेकानं लुळ्या पडलेल्या असतात.

आता मुलीकडे येते. ताई, तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त खटकलं ते हेच.

एकाच घरात, एकाच वेळी, दोन ताप. एकाचं पहिल्या दिवशी रक्त तपासलं, दुसरीला पाच दिवस पॅरासिटामॉल. मुलाच्या बाबतीत तुम्ही पोळलेल्या आहात, त्यामुळे तिकडची धावपळ मी समजू शकते. पण कावासाकीच्या निदानात तापाचा जो आकडा आहे तो ५ दिवसांचाच आहे, आणि आयव्हीआयजी आजाराच्या १० दिवसांच्या आत दिलं तर हृदयाच्या रक्तवाहिन्या वाचवता येतात. उपचाराशिवाय साधारण चारांतल्या एका मुलाच्या रक्तवाहिन्या फुगतात, वेळेवर दिलं तर विसांतल्या एखाद्याच्या. मुलगी आहे म्हणून कावासाकी होत नाही असं नाही. अडीच रुग्णांमागे एक मुलगीच असते.

घाबरवायचा हेतू नाही. सर्दी-खोकल्यासकट आलेला पाच दिवसांचा ताप बहुतेक वेळा साधा विषाणूजन्यच निघतो. पण एवढं आठवा : तापात तिचे डोळे चिपडांशिवाय लाल होते का? ओठ फुटले होते, जीभ लालभडक होती? अंगावर पुरळ, मानेत एका बाजूला मोठी गाठ, तळहात-तळपाय सुजलेले? ताप सुरू झाल्यापासून दोन-तीन आठवड्यांनी नखांच्या कडेपासून बोटांची साल निघाली का? यातलं काहीही असेल तर आजच्या घडीलाही तिला बालरोगतज्ज्ञांकडे न्या आणि हृदयाचा इको करायचा का ते विचारा. काहीच नसेल तर ती बरी आहे, मागचं उगाळू नका.

‘पोरी काटक’ यात जीवशास्त्राचा अंश आहे, हे मान्य. जगभर पाच वर्षांखालचे मुलगे मुलींपेक्षा जास्त दगावतात, बाळपणच्या संसर्गांत तर ठळकपणे. भारतात मात्र कित्येक वर्षं उलटं चित्र होतं. निसर्गानं दिलेली आघाडी आपल्या घरांनी पुसून टाकली होती. अलीकडे ती दरी बरीच बुजली आहे. पण दवाखान्याच्या दारात ती अजून दिसते. दिल्लीच्या एम्समध्ये २०१६ सालच्या ओपीडीतल्या सुमारे २३ लाख ७७ हजार रुग्णांची नोंद तपासली गेली. १८ वर्षांपर्यंतच्या वयोगटात एका मुलीमागे जवळपास दोन मुलगे आले होते. एवढा फरक कुठल्याही एक्स गुणसूत्रानं होत नाही. तेव्हा आपल्याकडच्या कुठल्याही रुग्णालयाचा ‘मुलगे इतके टक्के’ हा आकडा वाचताना, मुली आजारीच कमी पडल्या की आणल्याच कमी गेल्या, हा प्रश्न मी आधी विचारते.

दोघांसाठी नियम एकच ठेवा. शाळेच्या जुन्या वहीच्या मागच्या पानावर तारीख, वेळ, ताप किती, औषध कधी दिलं, एवढं लिहा. दोघांची दोन पानं. ताप तिसऱ्या दिवसापुढे गेला की डॉक्टर, मग ते मूल कुठलंही असो. पाचव्या दिवशी तापच असेल तर रक्त-लघवी तपासल्याशिवाय राहू नका. आपल्याकडे डेंगी, टायफॉईड, स्क्रब टायफस हे एमआयएस-सीपेक्षा कितीतरी अधिक शक्य असतात. दिवस न मोजता लगेच न्यायची वेळ म्हणजे हातपाय गार पडणं, श्वास जोरात चालणं, सात-आठ तासांत लघवी न होणं, उलट्या न थांबणं, पोटात सतत दुखणं, मूल गुंगीत जाणं. बोटाचं टोक पाच सेकंद दाबून सोडा. दोन-तीन सेकंदांत गुलाबी व्हायला हवं. पांढरंच राहिलं तर रिक्षा बोलवा. आणि पावसाळ्याच्या तापात आयबुप्रोफेन किंवा ॲस्पिरिन स्वतःच्या मनानं देऊ नका. डेंगी असेल तर रक्तस्रावाची भीती असते.

मुलाला पुन्हा होईल का? एमआयएस-सी पुन्हा झाल्याची उदाहरणं फारच विरळा आहेत, आणि तुमच्या मुलाला आता चार वर्षांहून अधिक काळ उलटलाय. या काळात त्याला कोरोना पुन्हा एकदा तरी होऊन गेला असणार, तुमच्या लक्षातही न येता. शिंक आली म्हणून शाळा बुडवण्यात त्याचं फक्त नुकसान आहे. ताप नसेल आणि खात-खेळत असेल तर पाठवा.

फुटबॉललाही पाठवा. हृदयाला सूज आलेल्या मुलांना आम्ही तीन ते सहा महिने दमछाकीचे खेळ बंद ठेवतो. ती मुदत कधीच संपली. नंतरचे इको नॉर्मल असतील आणि शेवटच्या भेटीत हृदयरोगतज्ज्ञांनी काही मनाई केली नसेल तर मैदान मोकळं आहे. खेळताना छातीत दुखलं, चक्कर आली, मूल कोसळलं तर मात्र थांबवून दाखवायचं, आणि हे कोणत्याही मुलाला लागू आहे. प्रशिक्षकांना एकदा सांगून ठेवा, पण पोरांच्या देखत नको.

सिरप नको. त्याच्या आजारात प्रतिकारशक्तीला लगाम घालायला आयव्हीआयजी आणि स्टिरॉइड लागलं होतं. आता तिला ‘वाढवणारं’ औषध घ्यायचं, यातली विसंगती मेडिकलवाल्यालाही पटेल, बाटली विकायची नसेल तर. बहुतेक सिरपांनी भलंही होत नाही आणि बुरंही. पण लेबलवर सगळं लिहिलेलं असतंच असं नाही, आणि तेवढ्या पैशात दोघांना रोजचं अंडं किंवा मूठभर शेंगदाणे-गूळ होईल.

त्याऐवजी मुलाचं लसीकरणाचं कार्ड काढा. आयव्हीआयजीनंतर गोवर-गालगुंड-रुबेला आणि कांजिण्यांच्या लशी ११ महिने पुढे ढकलाव्या लागतात, कारण बाहेरून आलेल्या अँटिबॉडी त्या लशींना रुजूच देत नाहीत. आजारपणात तुमचा मुलगा सहा वर्षांचा होता, म्हणजे ४ ते ६ वर्षांदरम्यानचे डोस त्याच गडबडीत राहिले असण्याची शक्यता दाट आहे. अशी कार्डं मी बरीच पाहिली आहेत : ‘नंतर’ असं पेन्सिलीनं लिहिलेलं आणि तो ‘नंतर’ कधी आलेलाच नाही. डिस्चार्ज कार्ड आणि इकोचे रिपोर्ट त्याच पिशवीत घ्या, दोघांची कार्डं घेऊन एकदाच जा, आणि राहिलेले डोस तिथल्या तिथे लावून घ्या.